बोरीखालची पांढरी जागा

दिगू, काल सिडनीत टूनगॅबीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली आणि मी ती अर्धवट सोडून निघून आले. कुणी विचारलंच तर गाडी चुकीच्या जागी लावली होती असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

तुझा फोटो कुणीतरी तुझ्या प्रोफाइलवरून उचलला होता. डार्विनच्या हॉस्पिटलच्या किचनमधला, डोक्यावर जाळीची टोपी, हातात डाव. चित्रकार म्हणून तू गेलास आणि फोटोत डाव. तुझं एकही चित्र तिथे नव्हतं, कारण ज्यांनी सभा भरवली त्यांच्यापैकी कुणी परवापर्यंत तुझं चित्र पाहिलेलंच नव्हतं. इथल्या मराठी मंडळाचे फडणीस काका माइक धरून म्हणाले, "दिगंबर अतिशय देवभोळा, मनमिळाऊ मुलगा होता. देवाने त्याला बोलावून घेतलं." मनमिळाऊ म्हटल्यावर मी उठलेच. तुझ्याइतका हेकट माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि मेल्यावर तुला गोड करून वाढताहेत हे मला बघवेना.

आणि देवाने तुला अजिबात बोलावलं नव्हतं. तू डार्विनबाहेर एका कच्च्या रस्त्याकडेला, ऑक्टोबरच्या उन्हात, बोरीच्या झाडासमोर अख्खी दुपार उभा राहिलास आणि तिथेच पडलास. टोपी नव्हती, कारण टोपीच्या काठाची सावली डोळ्यावर आली की रंग चुकतो, हे तुझं जुनं म्हणणं. पाण्याची बाटली गाडीत होती. ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचं पाकीट घरी फ्रिजवर होतं, फोडलेलंसुद्धा नाही. तुझा भाऊ श्रीकांत इस्लामपूरहून आला, त्याने तुझी खोली आवरली, त्याने मला हे सांगितलं. सांगताना तो रडत होता. मला रडू आलं नाही, मला तुला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या.

ह्या सगळ्याला तुझा बुवा जबाबदार आहे. आज मी त्यालाही सोडणार नाही.

बुवा म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा, राणीच्या राज्यातला तो दाढीवाला इंग्रज चित्रकार. तू त्याचं नाव कधी घेतलं नाहीस. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसा तू 'बुवा' म्हणायचास, आणि मग आम्हीही तेच म्हणू लागलो. सांगलीच्या आर्ट कॉलेजच्या लायब्ररीत एका जुन्या पुस्तकात तुला तो भेटला होता. छपाईत लाल रंग जांभळा झालेला, पानं सुटलेली. त्या जांभळ्या झालेल्या चित्रांवर तू जीव लावलास. नंतर सिडनीच्या गॅलरीत त्या काळातली खरी चित्रं पाहिलीस, तेव्हा बाहेर येऊन पायरीवर बसलास आणि म्हणालास, "मेधे, मला जे दिसायचं ते छापलेलं नव्हतंच. तरी मला दिसायचं."

ज्या वर्षांत अर्धं पुणं आणि सगळा पंजाब विद्यार्थी होऊन ह्या देशात उतरत होतं, त्याच वर्षांत आपण उतरलो. मी अकाउंटिंगच्या मास्टर्सला, तू कुकरीच्या डिप्लोमाला. पाच वर्षं चित्रकला शिकलेला मुलगा कांदा कसा चिरायचा ह्याचा कोर्स करत होता, कारण पीआरच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या यादीत कुक होता आणि चित्रकार नव्हता. त्याचं कुणालाच नवल नव्हतं. इंजिनियर पोरं केस कापायला शिकत होती. स्टेशनमागच्या त्या घरात आपण सात जण राहत होतो आणि हॉलमध्ये गाद्यांवरून गाद्यांवर पाय ठेवत संडासला जावं लागायचं.

त्या घराच्या मागच्या अंगणात मी तुला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. पाटीएवढ्या बोर्डावर तू पांढरा रंग लावत होतास, अगदी तळहाताएवढ्या जागेत, बाकी बोर्ड कोरडा. त्या सातांतला गुरप्रीत दारात उभा राहून म्हणाला, "भाई, दीवार पेंट करनी है तो पूरी कर ना." तू मान वर केली नाहीस. मी विचारलं, एवढंच का लावतोस? तर म्हणालास, "आज जेवढ्या पोळ्या लाटायच्या तेवढीच कणीक मळायची. हे पांढरं ओलं असेपर्यंत त्याच्यावर पातळ रंग चढवायचा. खालून उजेड येतो. वाळलं की संपलं. बुवा असंच करायचा." मग तू कुंपणावरच्या एका पानासमोर बसलास आणि दुपार गेली. संध्याकाळी त्या ओल्या पांढऱ्यावर एक पान होतं. मी ते पाहिलं, मग कुंपणावरचं पाहिलं, आणि मला कुंपणावरचं पान जरा फिकं वाटलं.

बुवाची गोष्ट तू आम्हाला किती वेळा सांगितलीस. बुवा आणि त्याचे मित्र विशी-बाविशीतली पोरं होती. त्यांना वाटलं की आपले मास्तर आपल्याला खोटं शिकवतात. एका जुन्या इटालियन उस्तादाच्या नकलांच्या नकला करायच्या, सावली म्हटली की तपकिरी, झाड म्हटलं की तपकिरी, देव म्हटला की गोरा-गोमटा. म्हणून त्यांनी गुपचूप एक मंडळ काढलं. प्री-रॅफेलाइट. त्या उस्तादाच्या आधीची माणसं जशी साधेपणाने बघत, तसं आपण बघायचं. नियम एकच: जे समोर नाही ते काढायचं नाही. झाड काढायचं तर झाडापाशी जायचं, पानन् पान बघायचं. आणि आधी जागा काढायची, ऊन, गवत, दगड, सगळं तिथे उभं राहून. माणसाची जागा तेवढी पांढरी सोडायची. माणूस मागाहून, खरा माणूस समोर बसवून.

मग तूही मंडळ काढलंस. तू, मी, गुरप्रीत, आणि नाशिकचा तो हर्षद, ज्याला नुसती घराबाहेर पडायची सोय हवी होती. दर रविवारी टूनगॅबीच्या ओढ्याकाठी जायचं आणि प्रत्येकाने एकच गोष्ट बघायची. काढता आली नाही तरी चालेल, बघायची. मी एका सेमिस्टरला दोन विषयांत नापास झाले होते, घरी सांगायची हिंमत नव्हती, आणि तू मला एका गवताच्या काडीसमोर बसवलंस. "हिरवी आहे म्हणू नकोस," म्हणालास. "हिरवं काहीच नसतं. नीट बघ." मी रडत रडत बघितलं. ती काडी खाली जांभळी होती, मध्ये पिवळी, आणि टोकाला आकाशाचा रंग होता. त्या दिवशी मी घरी फोन केला आणि खरं सांगितलं. आजही माझ्या मुलीला, इराला, शाळेत सोडताना केलीव्हिलच्या त्या फुटपाथवर मला सावल्या जांभळ्या दिसतात, आणि तुझा राग येतो. हे माझ्या डोळ्यांत घालून तू गेलास. ते काढता येत नाही.

बुवाचं मंडळ चार-पाच वर्षांत फुटलं. एक जण मोठा झाला, श्रीमंतांची चित्रं काढू लागला. एक जण कवितेत गेला. आणि एक जण, हा तुझा लाडका भाग, सोनं शोधायला बोटीत बसून ऑस्ट्रेलियाला आला. सोनं मिळालं नाही म्हणून परत गेला. आपलंही फुटलं. हर्षदला मेलबर्नला आयटीत नोकरी लागली, गुरप्रीतने टॅक्सी घेतली, मला पॅरामॅटाच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि मग लग्न, घर, इरा. मी केलीव्हिलला घर घेतलं तेव्हा तू वास्तुशांतीला आलास, चार बेडरूम फिरून पाहिल्यास आणि सगळ्यांसमोर म्हणालास, "ही बघा आमची सोनंवाली." सगळे हसले. मीही हसले. पण ऐक, मी गेले ह्याचं मला वाईट वाटत नाही. माणसांनी जगायचं असतं. मला चित्रकार व्हायचंच नव्हतं, मला सोबत हवी होती, आणि ती तू छान दिलीस. तुला मात्र वाटायचं की रविवारी न आलेला प्रत्येक जण धर्म सोडून गेला.

तू एकटा राहिलास, बुवासारखा. तुझं कॉलेज एका सोमवारी कुलूप लावून बसलं. मग कुकच यादीतून गेला. मग पार उत्तरेला डार्विनला कुणीतरी व्हिसासाठी स्पॉन्सर करतंय म्हणून तू तिकडे गेलास, ते तात्पुरतं म्हणून गेलास आणि तिथलाच झालास. हॉस्पिटलच्या किचनमध्ये सकाळची शिफ्ट, दुपारी दोनला मोकळा. "दोनला सुटतो मेधे, दोनला. अख्खा आर्व्हो, अख्खी दुपार माझी." एवढं सुख तुला दुसऱ्या कशाचं झालेलं मी ऐकलं नाही.

देवावरून आपण किती भांडलो. तू रोज आंघोळ करून अथर्वशीर्ष म्हणणारा, मी पुण्याच्या नास्तिक मास्तरांची मुलगी. मी म्हणायचे, तुझा बुवा ढोंगी आहे. जे समोर नाही ते काढायचं नाही म्हणतो आणि येशू काढतो, हातात कंदील घेऊन बंद दारावर टकटक करणारा. येशू त्याच्यासमोर कधी उभा होता? तू चिडायचास. "त्या दारावरची वेल खरी आहे. चांदण्याचा रंग कळावा म्हणून तो थंडीत रात्र रात्र बागेत बसला. जागा खरी झाली की देव खोटा पडत नाही." मी म्हणायचे, आणि येशूचा चेहरा? तो कुणा शेजाऱ्याचा असणार. "असूच दे की," तू म्हणायचास, "शेजाऱ्याचा असला म्हणून काय बिघडलं? दुसऱ्या कुणाचा असणार?" पण तू जिंकलास असं मी म्हणणार नाही, हा वाद अर्धा टाकून तू पळालास.

तुला शबरी काढायची होती. ओढ्याकाठी होतो तेव्हापासून तेच एक. रामाची वाट बघत म्हातारी झालेली, बोरं गोळा करून ठेवणारी, प्रत्येक बोर चाखून बघणारी. आणि मॉडेल म्हणून मी. सत्तावीस वर्षांच्या मुलीला कुणी म्हातारी म्हणून बसवतं का, मी विचारलं. तू शांतपणे म्हणालास, "मला आधी झाड काढायचंय. झाड होईपर्यंत तू होशील म्हातारी." मी तुला चप्पल फेकून मारली होती, आठवतं?

तेव्हा अडचण झाडाचीच होती. बुवा आपल्या चित्रांसाठी बोटीने, उंटाने येशूच्या गावी गेला होता. एका खाऱ्या समुद्राच्या काठी एक बकरा उभा करून, एका हातात बंदूक धरून त्याने चित्र काढलं होतं. मी म्हटलं, मग तूही जा, इस्लामपूरला जा, बोरी बघ, ये. तू म्हणालास, "इस्लामपूरला माझी शबरी नाही. मी इथे राहतो. जो देव इथे येत नाही तो माझ्या काय कामाचा?" मग झाड इथेच हवं, आणि बोर इथे कुठून येणार? अनेक वर्षं तू अडून बसलास. आंब्याखाली बसव म्हटलं, नाही. वडाखाली बसव म्हटलं, नाही. इथल्या रानातल्या प्लमचं झाड आहे तिकडे, ते चालेल का म्हटलं, तर म्हणालास, "ते ह्या मातीतल्या मूळ लोकांच्या गोष्टीतलं झाड आहे, त्यांचं आहे. मी त्यांच्या झाडाखाली माझी म्हातारी बसवणार नाही." इतका सोवळा.

आणि मग एके दिवशी भर ऑफिसात तुझा फोन. "मेधे, बोर सापडली."

डार्विनबाहेर रस्त्याकडेला एक बोरीचं झाड. आपलीच बोर. कधीतरी कुणीतरी आणली, पक्ष्यांनी बिया टाकल्या, आणि वाढली. इथे तिला चायनी ॲपल म्हणतात आणि ती तण म्हणून सरकारी यादीत आहे, दिसली की मारायची. हे तू मला हसत हसत सांगितलंस. "यादीत आहे मेधे, माझ्यासारखीच. फरक एवढाच की मी यादीतून गेलो आणि ही यादीत बसली." तुझा आवाज लहान मुलासारखा झाला होता. इतक्या वर्षांनी तुझी आणि बुवाची आणि शबरीची गाठ एका जागी पडली होती. मला तेव्हा खरोखर आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

पुढच्या सगळ्या कोरड्या ऋतूंत तू ते झाड काढत राहिलास. कॅनव्हास एवढा मोठा, आणि रोज तळहाताएवढं ओलं पांढरं. पावसाळ्यात सगळ्याला बुरशी यायची म्हणून बंद. मग पुन्हा कोरडं लागलं की पुन्हा त्याच फांदीपाशी. दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हटलं, आता येते, बसव मला. इराला तिच्या बाबाजवळ ठेवून मी डार्विनला आले. तू मला विमानतळावरून थेट त्या झाडापाशी नेलंस. घडीचा स्टूल मांडलास. मी बसले. मांडीवर ओंजळ, मान वाटेकडे. दोन दिवस, दुपारी दोन ते ऊन उतरेपर्यंत. माश्या, घाम, अंगाला लागणारं गवत. एक गाडी थांबली, आतला माणूस म्हणाला, "यू राइट, मेट?" तू म्हणालास, "नो वरीज, शी इज वेटिंग." तो बघत राहिला आणि गेला.

दोन दिवसांत तू एक रेघ मारली नाहीस. माझ्याकडे बघायचास, पॅलेट खाली ठेवायचास. "उजेड अजून पिकला नाही," म्हणायचास. तिसऱ्या दिवशी माझं विमान होतं. गाडीत मी विचारलं, उजेड पिकत नाही म्हणजे नक्की काय होत नाही? तू म्हणालास, "तुझ्या तोंडावर वाट बघणं दिसत नाही. तुझ्या तोंडावर विमान दिसतं." मी इतकी भडकले की विमानतळावर तुला धड बायसुद्धा म्हटलं नाही. सुट्टी काढून, घर सोडून, तुझ्या उन्हात दोन दिवस बसलेल्या बाईला तू म्हणतोस की तिला वाट बघता येत नाही. तुझं तोंड मी नंतर पाहिलं नाही. फोन झाले, भरपूर झाले, तू सॉरी म्हणाला नाहीस, मीही विषय काढला नाही.

शेवटचा फोन सप्टेंबरातला. तण मारणारी माणसं येऊन गेली होती. झाडाला फीत बांधून गेली, पाऊस लागायच्या आत मारणार. "खालची एक फांदी राहिलीय मेधे. काटे राहिलेत. मारण्याआधी संपवतो." मी म्हटलं, फोटो काढून ठेव ना, फोटोवरून कर. तू म्हणालास, "तुला अजूनही काही समजलेलं नाही." म्हणून तू पाऊस यायच्या आधीच्या त्या उकाड्यात उभा राहिलास, जेव्हा तिथली कुत्रीसुद्धा गाडीखाली जाऊन पडतात. एका तणासाठी. जे तू गेल्यावर आठवड्याभरात त्यांनी मारलंच.

चित्र माझ्या घरी आहे. श्रीकांतला विमानात नेता येईना, तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही ठेवा, मराठी मंडळाला देऊ." डार्विनहून ट्रकने आलं. गॅरेजमध्ये मी आणि इराने मिळून वेष्टन काढलं. दिगू, मला शिव्या द्यायच्या होत्या आणि मी नुसती फांद्या मोजत राहिले. झाड पूर्ण आहे. खालची फांदीसुद्धा. काटे जोडीजोडीने, एक सरळ, एक वाकडा. वाळलेलं गवत, मुंग्यांचं वारूळ, लाल मातीवर पडलेली सुरकुतलेली बोरं, आणि मागे लांबवर जाणारी वाट, रिकामी. आणि झाडाखाली, सगळ्याच्या बरोबर मध्ये, बसलेल्या बाईच्या आकाराची एक पांढरी जागा. इराने विचारलं, "मम, हू गोज देअर?" मी म्हटलं, मी. ती म्हणाली, "बट ही रॅन आउट ऑफ टाइम?" मी म्हटलं, नाही, त्याच्याकडे भरपूर वेळ होता.

परवा फडणीस काका घरी येऊन चित्र बघून गेले. शोकसभेच्या आधीच. माणूस वाईट नाही, हे मी रागातही म्हणते. म्हणाले, "मेधा, मंदिराच्या हॉलमध्ये लावू, खाली दिगंबरचं नाव घालू. फक्त हे पूर्ण करून घेऊ. आपल्या गणपतीचे पडदे रंगवतात ना, ते करतील. शबरी बसवतील, आणि इकडे वाटेवर राम-लक्ष्मण. राम नसेल तर लोक नमस्कार कुणाला करणार?"

मी म्हटलं, काका, त्याच्या चित्रात राम नव्हता. वाट होती.

"अगं पण रिकामी जागा भिंतीवर कशी लावायची? लोक विचारतील."

"विचारू देत."

ते चहा अर्धा ठेवून गेले. मग तुझ्या आईचा फोन आला. श्रीकांतने लावून दिला असणार. "कुठेतरी त्याचं नाव लागू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं परक्या मुलखात चूल फुंकली पोराने. देवळात नाव लागलं तर मला दुसरं काही नको. आणि अपुरं ठेवू नये, घरात अपुरं ठेवत नाहीत." आता सांग, ह्याला मी काय म्हणायचं होतं? तुझ्या आईला नाही म्हणायची वेळ तू माझ्यावर आणलीस. तुझं नाव भिंतीवर लागणार, फक्त एका कॅलेंडरातल्या गोऱ्या शबरीला तुझ्या झाडाखाली बसू द्यायचं. कुणाचं काय जाणार होतं? तू तर नाहीसच. आणि बुवाचा नियम मी कधी मानला नव्हता. आयुष्यभर त्या नियमाला नावं ठेवली.

तरी मला ते होईना. डोळ्यांसमोर आलं की कुणीतरी त्या पांढऱ्यावर, वाळून खडखडीत झालेल्या पांढऱ्यावर, कधी न पाहिलेल्या बाईचं तोंड रंगवतंय. मी व्हिडिओ लावला आणि तुझ्या आईला चित्र दाखवलं. फोन फांदीजवळ नेला, काट्यांजवळ नेला, खाली पडलेल्या बोरांपाशी नेला. त्या डोळे बारीक करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "बोरच आहे ही. तिकडे बोर आहे होय?" मी म्हटलं, होती. मग पांढऱ्या जागेवर फोन धरला आणि सांगितलं की इथे तो मला बसवणार होता, आणि दुसऱ्या कुणाला बसवलं तर हे सगळं झाड खोटं होईल. हे वाक्य मी बोलले, दिगू. मी. बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं आणि तुझा इतका संताप आला. तू इथे असतास तर किती हसला असतास.

आई म्हणाल्या, "मग राहू दे तसंच." आणि थोड्या वेळाने, "तुला बसवणार होता, तर तू बस की तिथे. एकदा बस."

काकांना मी आज सकाळी निरोप दिला की लावायचं तर आहे तसं लावा. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. म्हणजे तुझं नाव कुठल्याच भिंतीवर लागणार नाही, आणि ते मी केलं. तुझ्या आईने मान्य केलं म्हणून ते कमी लागत नाही.

दुपारी मी चित्र गॅरेजमधून जेवणाच्या खोलीत आणलं आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर टेकवलं. तुझ्या सामानात तो घडीचा स्टूल आला होता. तो मांडला. ओंजळ मांडीवर, मान दाराकडे. इरा शाळेतून आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "व्हॉट आर यू डूइंग?" मी म्हटलं, बसलेय. "फॉर हाऊ लाँग?" मी मान दाराकडेच ठेवली. तिने फोन काढला, माझ्याकडे बघितलं, आणि का कोण जाणे, फोटो न काढता परत खिशात ठेवला.

ऊन जमिनीवरून माझ्या पायांवर आलं, मग हातांवर. आज मला कुठलंही विमान पकडायचं नव्हतं. केस बरेच पांढरे झालेत, तुला हवे होते तसे. गोष्टीत त्या म्हातारीकडे शेवटी तो येतो, दिगू, कितीही उशीर झाला तरी येतो आणि समोर बसून उष्टी बोरं खातो. मी ऊन उतरेपर्यंत बसले. उजेड पिकला होता. मी स्वतः पाहिला, पूर्ण पिकला होता. तूच नव्हतास.